जवळचं मोठं, लांबचं लहान

वैशाख लागला की माझी अन्नावरची वासना उडते. घरचे म्हणतात, ऊन बाधलं. सूनबाई कांद्याचा रस काढून देते, मी मुकाट्यानं पितो. ऊनबीन काही नाही. शहाऐंशी वैशाख पाहिलेल्या माणसाला ऊन काय बाधणार डोंबल! मला शिसारी येते. ती दर वर्षी याच दिवसांत येते, लगीनसराई सुरू झाली की.

परवा नांदेडला डोळे दाखवायला निघालो होतो. नातवानं वारंगा फाट्याला चहासाठी गाडी थांबवली. समोर दोन खांबांना कुणाच्या तरी लग्नाचं फ्लेक्स ताणलेलं. वर कोणी पुढारी, त्याचं तोंड परातीएवढं. त्याच्या खाली चार-सहा छोटे पुढारी, वाटीएवढ्या तोंडांचे. आणि ज्यांचं लग्न ती दोघं बिचारी खालच्या कोपऱ्यात बोराएवढी. नातू हसत म्हणाला, "आजोबा, तुमी ड्रॉइंग मास्तर होते ना? याला काय म्हणतात?" मी म्हणालो, "याला मान म्हणतात." त्याला वाटलं मी विनोद केला. मी चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसलो.

शेजारची पोरगी सुट्टीत माझ्याकडं येते. तिला चित्रकलेची परीक्षा द्यायची आहे. हातात गाईड असतं, त्यात शेवटची चार पानं नुसत्या व्याख्या. "आजोबा, यथार्थदर्शन म्हणजे काय? छायाप्रकाश म्हणजे काय? अग्रभूमी म्हणजे काय?" मी सांगतो. चाळीस वर्षं हेच सांगून पोट भरलं, आता काय लाजायचं. पण ती गेल्यावर मी उठून चूळ भरतो. हे शब्द तोंडात आले की मला ओल्या चुन्याचा वास येतो, आणि त्या वासासरशी ती भिंत आठवते.

तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मोठी लढाई चालू होती, आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, आणि मी हिंगोलीच्या शाळेत शिकत होतो. आमचे ड्रॉइंग मास्तर हैदराबादकडचे. अंगात शेरवानी, खिशात चाकूनं तासलेल्या पेन्सिली, बोलणं मऊ. वर्गात त्यांनी एकदा टेबलावर तांब्या ठेवला, एका बाजूची खिडकी उघडली आणि म्हणाले, "लोटा मत देखो. उजाला देखो." आम्ही पाहू लागलो. खिडकीकडची बाजू चमकत होती, पलीकडची काळी पडली होती. जन्मभर तांब्यानं पाणी प्यालो, पण त्याला काळी बाजू असते हे मला त्या दिवशी कळलं. मग एका सकाळी ते आम्हांला स्टेशनावर घेऊन गेले. गाडी गेलेली होती, फलाट रिकामा होता. रुळांकडं बोट करून म्हणाले, "नजदीक की चीज बडी, दूर की छोटी. याद रखो." दोन रूळ लांब पूर्णेच्या दिशेनं जवळजवळ येत गेले होते आणि शेवटी एका टिंबात मिळाले होते. अंगावर काटा आला माझ्या. खोटं का सांगू, इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

पर्स्पेक्टिव्ह, फोरग्राउंड, लाइट अँड शेड. हे शब्द मी पाठ केले, आणि नुसते पाठ करून थांबलो नाही, ते दुसऱ्याला मारायला हातात घेतले. नव्या शिकलेल्याची ती एक घाण खोड असते. मास्तरांत ती नव्हती. ते लोट्याकडं पाहताना लहान मुलासारखे व्हायचे. खोड माझीच.

त्या वैशाखात अक्काचं लग्न होतं. अक्का माझी मोठी बहीण, साखरा गावात दिलेली. आमचं गाव नरसीपासून दोन कोसांवर. आमच्या भागात लग्नघराची दर्शनी भिंत चिताऱ्याकडून काढून घ्यायची पद्धत होती. दारावर गणपती, दोन्ही बाजूंना हत्ती, आणि मोठ्या भिंतीवर सगळी वरात. नवरदेव घोड्यावर, व्याही, मामा, करवल्या, वाजंत्री. बारा गावांत हे काम करणारा एकच माणूस होता, लिंबाजी चितारी. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, बोटांच्या पेरांत गेरू कायमचा बसलेला. त्याला शेत नव्हतं. माघापासून जेठापर्यंत लग्नाच्या भिंती हेच त्याचं पीक. एका भिंतीला इतकी ज्वारी, एक धोतर, डोईला पटका आणि पंगतीत मानाचं ताट. त्यावर तो, त्याची बायको आणि पोरगी वर्ष काढायची. हे गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

सुट्टीत घरी आलो तर लिंबाजीकाका ओट्यावर मायपाशी बसलेला. भिंतीला अजून हात नव्हता लावला. तो नुसतं विचारत होता. व्याह्याचं नाव काय, पगडी बांधतात का पटका, मामा किती, त्यातला थोरला कोणता, आत्या विधवा आहे का, घोडं कोणत्या रंगाचं. माय सांगत होती, तो मान हलवत होता. अर्धा दिवस असा गेला. मग उठला आणि भिंतीवर वितीनं मोजून खुणा करू लागला. नवरदेवाला दोन हात, व्याह्याला दीड, थोरल्या मामाला सव्वा, धाकट्याला एक, वाजंत्र्यांना एक वीत.

मी विचारलं, "काका, हे काय चाललंय?"

"पाटं मांडून राहिलो," तो म्हणाला. "भिंत म्हंजी पंगत रे. आधी कोण कुठं बसंल ते ठरवावं, मंग वाढावं."

पुढं मी चाळीस वर्षं पोरांना कंपोझिशन शिकवलं. फळ्यावर चौकोन काढले, त्रिकोण काढले, तोल आणि वजन यावर तासन्‌तास बोललो. या एका वाक्याच्या जवळ जाणारं काही मला सांगता आलं नाही. पण त्या दिवशी मी नाक मुरडलं होतं.

त्याची कामाची रीत अशी. भिंतीला शेणमातीचा हात, त्यावर पांढऱ्या मातीचे दोन हात, प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा. बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घालायचा. शिंदीची काडी ठेचून तिचा कुंचला. आणि मग गेरूची रेघ. घोड्याच्या कानापासून निघाली की मानेवरून, पाठीवरून, शेपटीच्या टोकापर्यंत एका दमात, हात न उचलता. मध्ये कोणी हाक मारली तरी तो ओ द्यायचा नाही. चार दिवसांत सगळ्या वरातीच्या रेघा उभ्या राहिल्या. माझ्या जिभेला खाज सुटली.

"काका, हे चुकीचं आहे. मागचा माणूस पुढच्यापेक्षा मोठा कसा?"

"मागं कोण हाय? समदे म्होरंच उभे हायेत."

"आणि घोडा बाजूनं काढलाय, मग त्याला दोन डोळे कसे? एकच दिसायला पाहिजे."

"दुसरा कुठं गेला?"

"तो पलीकडून आहे. आपल्याला दिसत नाही."

"घोड्याला हाय ना पण?" लिंबाजीकाका माझ्याकडं पाहत म्हणाला. "मंग मी काहून लपवू?"

यावर मी इंग्रजी शब्द वापरले. चार-पाच लागोपाठ वापरले. आबा, माझे वडील, बैलांची पेंड घेऊन अंगणातून जात होते, ते थांबून ऐकू लागले. मला हिंगोलीत ठेवून शिकवत होते, आणि त्यातलं काही घरी आल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला अजून दोन शब्द सुचले. संध्याकाळी आबा लिंबाजीला म्हणाले, "औंदा मोठी भिंत पोरगं काढंल. शिकून आलंय, लोकांनी पाह्यलं पाह्यजे. तू दाराचा गणपती काढ. तुझं धोतर-पटका बराबर मिळंल, ताटबी मिळंल."

लिंबाजीकाकानं गेरूची वाटी उचलून दाराशी नेली. दुसऱ्या दिवशी मी चुन्याची बादली घेतली आणि त्याच्या चार दिवसांच्या रेघांवर ब्रश फिरवला. तो दारावरच्या गणपतीसाठी शिडीवर उभा होता. वरूनच म्हणाला, "चुना नको लावू. पांढरी माती लाव. चुना ताजा हाय, रंग धरणार न्हाई." मी ऐकलं नाही. घोड्याची पाठ चुन्याखाली जाताना मी पाहिली. इतकी वर्षं झाली, ती रेघ मला आजही जशीच्या तशी काढता येत नाही. मी करून पाहिलं आहे.

मग मी माझं चित्र काढलं, आणि ते कसं होतं ते सांगायलाच हवं. वरात गावाकडं येते आहे. म्हणजे पाहुणे लांब, आपण जवळ. तर अगदी पुढं, फोरग्राउंडला, आमची गाडी आणि आमचा पवळ्या बैल, पाहुण्यांना सामोरा निघालेला, त्यामुळं आपल्याकडं पाठ केलेला. मागून पाहिलेला बैल काढणं फार अवघड. अंग आखडून घ्यावं लागतं, मान जवळजवळ नाहीशी होते, पुठ्ठे मोठे येतात. मला ते साधलं म्हणून मी मनोमन नाचलो. त्याच्यापुढं रस्ता, दोन्ही बाजूंना लहान लहान होत गेलेले कडुलिंब, आणि शेवटी, जिथं रस्ता टिंबाला टेकतो तिथं, वरात. नवरदेव बोटाएवढा. ऊन पश्चिमेकडून, म्हणून त्याच्या तोंडाची एक बाजू काजळी देऊन काळी केली. व्याही अंगठ्याच्या नखाएवढे. आणि नेम असा बसला की ते पवळ्याच्या उचललेल्या शेपटीच्या बरोब्बर खाली आले.

माय गोवऱ्या घेऊन जाताना थबकली. "अरे, दाराशी बैलाचं ढुंगण काहून काढलंस?"

"माय, तो फोरग्राउंड आहे."

"कायबी असंना. ढुंगणच हाय."

संध्याकाळी अक्का आली. हळद लागायला दोन दिवस होते. बराच वेळ ती भिंतीपुढं उभी राहिली, रस्त्यावरून बोट फिरवत. मग म्हणाली, "म्या कुठं हाय यात?" मी समजावलं की ती घरात आहे, आणि घर आपल्या पाठीशी आहे, म्हणून दिसत नाही. ती म्हणाली, "लगीन माझं, न मीच न्हाई?" आणि आत गेली. एकीनं नाही, दोघींनी सांगितलं, आणि दोघींना मी अडाणी ठरवलं.

खरं म्हणजे चित्र बरोबर होतं. यातच सगळी किळस आहे. परीक्षेत तेच काढलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पुस्तकानं शिकवलेलं मी सगळं पाळलं. फक्त एवढं मला कळलं नव्हतं की लग्नाच्या भिंतीवर माणसं डोळ्यानं पाहत नाहीत, आपापली जागा शोधतात.

लग्नाच्या सकाळी साखऱ्याच्या गाड्या आल्या. बैलांच्या गळ्यांत घुंगरमाळा, धुरळा, हलगीचा कडकडाट. मांडवात पाय धुवायला पाणी ठेवलं, पानं मांडली. पुरुष मंडळी ओट्याकडं आली, आणि रीतीप्रमाणं जोडे काढता काढता भिंतीकडं वळली. अक्काचे सासरे गणपतराव, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, शांत माणूस. त्यांच्या शेजारी नवरदेवाचा थोरला मामा. मामानं भिंतीवर वरून खाली, खालून वर नजर फिरवली आणि मला विचारलं, "यात आमचे दाजी कोणते?"

मी पुढं झालो. अभिमानानं पुढं झालो. बोट टेकवून दाखवलं, "हे काय." माझ्या बोटाच्या टोकाखाली गणपतराव झाकून गेले. बोट काढलं तेव्हा ते शेपटीखाली दिसले.

हलगीवाला थांबला. गणपतराव थोडे वाकले, पाहिलं, सरळ झाले. "आमी येवढे लांबचे असलो तर लांबच ऱ्हातो," असं हळू म्हणाले आणि जोड्यात पुन्हा पाय घातला.

मामा म्हणाला, "न नवरदेवाचं तोंड काळं केलंय. भर लग्नात. कोणी काढलं हे?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण शब्द यायच्या आत आबा बोलले. "लिंबाजीनं. आमच्या चिताऱ्यानं. म्हातारा झाला हो तो, डोळ्यानं कमी दिसून राहिलं त्याला."

आबांचा हिशेब मला तिथल्या तिथं कळला. नवरीच्या भावानं काढलं म्हटलं तर तो घराण्यानं केलेला अपमान, वरात मांडवातून परत. मजुरानं काढलं म्हटलं तर मजुराची चूक. एका वाक्यात अक्का वाचली. एका वाक्यात लिंबाजी गेला. कारण चिताऱ्याला दिसत नाही हे एकदा चार गावच्या लोकांसमोर म्हटलं की मग त्याच्या हातात काय उरतं? आबांना ते कळत नव्हतं असं नाही. मी उघडलेलं तोंड मिटलं.

लिंबाजीकाका मांडवाच्या कडेला होता. गणपतीबद्दल मिळालेलं नवं धोतर नेसून, पटका बांधून मानाच्या ताटाला आला होता. त्याला बोलावलं. तो आला, त्यानं माझी भिंत पाहिली. तोवर त्यानं ती मुद्दाम पाहिली नव्हती, तिच्याकडं पाठ करूनच गणपती रंगवला होता. आता मात्र नीट पाहिली, वेळ घेऊन, कामगार कामाकडं पाहतो तशी. मग माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्यानं पटका काढून गणपतरावांच्या पायाशी ठेवला. "चूक झाली, मालक. म्हातारपण हाय."

"धुऊन टाक," मामा म्हणाला. "आमी इथंच उभे हावोत."

आबांनी मला पाणी आणायला सांगितलं. मी घागरी आणत होतो आणि लिंबाजीकाका चिंध्यांनी भिंत धूत होता. रंग नुसत्या पाण्यानं सुटत होता. पवळ्या आधी गेला, तपकिरी ओघळ होऊन. मग लिंब, रस्ता, मग ते काजळीचं तोंड. सगळं मिळून गटारासारखं काळपट पाणी उंबऱ्यापाशी साचलं, त्याला ओल्या चुन्याचा उग्र वास. नव्या धोतराचा सोगा त्यात भिजला. तिसरी घागर ठेवताना तो मला ऐकू येईल एवढंच बोलला. "डिंक घातला न्हाईस जणू. रातभर भिजवावा लागतोय. फडक्यातून गाळून घ्यावा, मंग धरतंय." भिंतीकडं तोंड करून, हात चालवत, जसं काही शिडीवरूनच सांगत होता. रागाचा एक शब्द नव्हता त्यात. शिव्या घातल्या असत्या तर मी आज इतका ओकारी आल्यासारखा जगलो नसतो.

पंगत बसली. लिंबाजीकाका जेवायला बसला नाही, घरीही गेला नाही. मांडवाबाहेर लिंबाखाली ओल्या धोतरानिशी बसून राहिला. मी पंगतीत ताक वाढलं, गणपतरावांना आग्रह करून वाढलं, घडा भरायला तीन वेळा त्याच्यासमोरून गेलो. मला वाटलं, ताटाची वाट पाहतो आहे. अक्काचं लग्न कोऱ्या भिंतीपुढं लागलं.

पुढच्या माघात त्याला एकही भिंत मिळाली नाही. साखऱ्याहून निघालेली गोष्ट गाड्यांबरोबर गावोगाव गेली. "त्याला दिसत न्हाई. बैलाच्या शेपटीखाली व्याही काढतोय." बाया हसून हसून सांगायच्या. माझ्या देखत सांगायच्या, आणि मी हसायचो. लोकांनी मग भिंतींना नुसता गेरू-चुना द्यायला सुरुवात केली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला मात्र त्याला बोलवायचे, शिंगं रंगवायला कुठं नजर लागते? बारा गावांतला पहिला हात, आणि त्या हातात शिंगं. त्याची बायको दुसऱ्याच्या रानात निंदायला जाऊ लागली. मी परीक्षेला बसलो. एक प्रश्न पर्स्पेक्टिव्हवरच होता. मी लिहिलं की पाहणारा एका जागी उभा असतो, सगळ्या रेघा त्याच्या डोळ्याशी बांधलेल्या असतात, आणि तो स्वतः चित्रात कुठंच नसतो. उत्तर चांगलं म्हणून मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं. मी मान खाली घालून बसलो, पोरांना वाटलं लाजलो.

रझाकारांच्या दिवसांत आम्ही गाव सोडून वऱ्हाडात वाशीमकडं गेलो. पोलीस ॲक्शन झाल्यावर परतलो. मी चोविशीत आलो होतो, मास्तरकी मिळायची बोलणी चालली होती. सात वर्षं माणूस एक गोष्ट पोटात ठेवतो तेव्हा ती नासते. मला ती माझ्या श्वासात यायला लागली होती. एका सकाळी उठलो आणि लिंबाजीला शोधत नरसीला गेलो. देवळाच्या वाटेवर एका दुकानाशी तो कुंकू चाळत बसला होता, दुकानदाराच्या रोजावर. त्यानं मला लांबूनच ओळखलं.

"ये," म्हणाला. "उशीर केलास."

मी जे ठरवून आलो होतो ते घडाघडा बोललो. माफी, आबांचं वागणं, माझं भेकडपण. तो चाळण हलवत ऐकत राहिला.

"तुझ्या बापानं माझं नाव घेतलं तवा म्या तुझ्याकडं पाह्यलं," तो म्हणाला. "तू खाली पाह्यलंस. म्हटलं, लेकरू हाय, भेलं. जेवणं झाली की सांगंल. म्हणून तितंच बसलो. मंग म्हटलं, लगीन लागलं की सांगंल. मंग म्हटलं, पोळ्याला सांगंल." त्यानं चाळणीतले खडे बाजूला काढले. "तकलीफ खाण्यापिण्याची न्हाई रे. पोरीला स्थळ सांगून येतंय, न ईचारत्यात, आंधळ्याची का?"

मी म्हणालो, काका, मी काय करू ते सांगा.

"साखऱ्याला चल. बाजाराच्या दिशी, चार लोकांत सांग. म्या संगं येतो."

मी हो म्हणालो. येत्या बाजाराला तुम्हाला घ्यायला येतो म्हणालो. वाटेनं घरी येताना इतकं हलकं वाटलं की मी गुणगुणत होतो.

आणि मी गेलो नाही. अक्का तिकडं नांदत होती, पोटुशी होती, सासरा कडक. आबा थकले होते, उतारवयात खोटे पडले असते. मास्तरकीचा कागद यायचा होता. सगळी कारणं खरी होती. पुढच्या बाजाराला म्हणालो, मग संक्रांत होऊ दे म्हणालो. फाल्गुनात कळलं, लिंबाजी गेला. मी भेटायला गेलो तर काकू दारातच बसली होती. तिनं आत बोलावलं नाही. म्हणाली, "बाजाराच्या दिशी धोतर धुऊन बसला व्हता दारात. पोरगं येणार हाय म्हणाला. दिस मावळस्तवर बसला. मंग दुसऱ्या बाजारालाबी बसला."

साखऱ्यात आज त्या पंगतीतलं कोणी नाही. गणपतराव, मामा, आबा, माय गेले, अक्काही गेली. आता कुणाचं काही मोडत नाही, म्हणूनच माझी हिंमत झाली, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटते. तरी लिहून ठेवतो. लिंबाजी चिताऱ्याला शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं. ती भिंत मी काढली होती.